मदत हवी आहे: "सगळेच करतात" यावर मुलाला काय सांगावं?

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. आमचा मोठा मुलगा बारा वर्षांचा आहे. रविवारच्या शाळेत बायबलची वचनं घडाघडा म्हणतो. पण परवा मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका मुलाच्या दिसण्यावरून टिंगल चालली होती, तिथे यानेही हसण्याचे इमोजी टाकलेले दिसले. विचारलं तर म्हणाला, "सगळेच टाकत होते." मोबाइलपेक्षा मला या "सगळेच"ची जास्त काळजी वाटते.

मोबाइल काढून घेणं सोपं आहे. पण योहान 17:15 मध्ये प्रभू येशूने शिष्यांना जगातून काढून घ्या असं मागितलं नाही, त्यांना दुष्टापासून राखा असं मागितलं. बाबेलच्या राजदरबारात नेलेला दानीएलही तिथल्या खास्दी लोकांची विद्या आणि भाषा शिकलाच, राजाच्या अन्नाने मात्र त्याने स्वतःला विटाळू दिलं नाही. ही रेघ मुलाला स्वतःला ओळखता यायला हवी.

बायबलच्या अनुवाद या पुस्तकातल्या 6:7 प्रमाणे घरात उठता-बसता वचनाबद्दल बोलायला जावं, तर माझं लगेच प्रवचन होतं आणि तो गप्प बसतो. (धाकटी मात्र प्रश्न विचारून भंडावून सोडते.) या वयाच्या मुलांशी तुम्ही कसं बोलता? कौटुंबिक प्रार्थनेत काही बदल केलात का? मोबाइलचे नियम मुलांना सोबत घेऊन ठरवलेत, तर ते टिकले का? कृपया तुमचे अनुभव सांगा.