मदत हवी आहे: हेडचा कोअर बदलला, तर इंजिनाची उत्सर्जन चाचणी पुन्हा लागते का?

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत जनरेटरच्या डिझेल इंजिनांची सिलिंडर हेड ओततो. इंजिन १९ ते ५६ किलोवॅट गटातलं, म्हणजे १ जुलै २०२३ पासूनचे सीपीसीबी ४+ (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे) निकष लागू: नॉक्स (नायट्रोजनचे ऑक्साइड) आणि हायड्रोकार्बन मिळून ४.७, कणरूप धूर ०.०३ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास.

इनटेक पोर्टचा (हवा आत येण्याच्या वाटेचा) कोअर, म्हणजे ती पोकळी घडवणारा वाळूचा साचा, शेलऐवजी (तापवून घट्ट केलेली वाळू) कोल्ड बॉक्सवर (न तापवता, वायूने घट्ट केलेली वाळू) न्यायचा विचार आहे. मापं ड्रॉइंगच्या टॉलरन्समध्ये बसतात, पण पोर्टच्या आतला खरखरीतपणा बदलतो. फ्लो बेंचवर (हवेचा प्रवाह मोजायच्या यंत्रावर) जुन्या-नव्या हेडचा स्वर्ल, म्हणजे सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेचा भोवरा, तपासला. सरासरी जवळपास तीच, नगानगातला फरक मात्र थोडा वाढलाय. स्वर्ल कमी झाला तर धूर वाढतो, जास्त झाला तर नॉक्स. ०.०३ ला ढील कुठली राहणार!

ग्राहकाचा क्वालिटीवाला म्हणतो, ‘ड्रॉइंगमध्ये आहे ना, मग कळवायची गरज नाही.’ मला ते पटत नाही. टाइप अप्रूव्हल (इंजिनाच्या मॉडेलला मिळालेली उत्सर्जन मंजुरी) ग्राहक कंपनीच्या नावावर आहे, तेव्हा निर्णय त्यांच्या उत्सर्जन विभागाने लेखी द्यावा. त्यांना रीतसर पत्र देणारच आहे.

अडचणी अशा: आमच्याकडे इंजिन टेस्ट बेड नाही, आणि करारामुळे ड्रॉइंग इथे टाकता येत नाही.

इंजिन कंपनीत होमोलोगेशन (ही मंजुरी मिळवण्याचं काम) पाहिलेल्यांनी सांगावं: पूर्ण पाच-मोड चाचणी (पाच वेगवेगळ्या लोडवरची) लागेल की स्वर्लच्या आकड्यांवर भागेल, हे तुमचे इंजिनिअर कशावरून ठरवतात, आणि त्यासाठी पत्रासोबत नेमका कोणता डेटा जोडू?