मदत हवी आहे: दोघींच्या एका खोलीत गाणं रेकॉर्ड कसं करायचं?

मंद्रातली (धागाकर्ती)

खोली एक, आम्ही दोघी. मी आणि माझी धाकटी बहीण. ती रात्रपाळीचं काम ह्याच खोलीतून करते, रात्री दहा ते सकाळी सहा, आणि मग दुपारी दोनपर्यंत झोपते. म्हणजे बाहेर सामसूम असते तेव्हा खोली तिची. माझ्या वाट्याला येते ती संध्याकाळी चार ते नऊ, तेव्हा खाली हॉर्न, वर मुलांची पळापळ आणि भिंतीपलीकडे टीव्ही.

मला फार काही करायचं नाहीये. गळा आणि पेटी, एवढंच. कधीतरी एक मित्र गिटारचा ट्रॅक पाठवतो, तो खाली लावायचा. विकायचं नाही, कुणाला जिंकायचं नाही, पण ऐकणाऱ्याला "मोरीत गायलीस का गं?" असं वाटू नये इतपत तरी हवं.

खोली दहा बाय बारा फूट. दोन खाटा, दोघींत एक कपाट, दोघींत एक टेबल. भाड्याची जागा, भिंतीला खिळा ठोकायची परवानगी नाही. सामान असं: दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी), मोठ्या डायफ्रॅमचा कंडेन्सर माइक (बारीकसा आवाजही टिपणारा), जुना लॅपटॉप, आणि सेमी-ओपन (अर्धवट उघड्या कपांचे) हेडफोन, जे मी गाणी ऐकायला घेतले होते.

माझा पहिला पराक्रम सांगते, म्हणजे तोच सल्ला पुन्हा येणार नाही. व्हिडिओ बघून दोन इंच जाडीच्या फोमच्या चौकटी आणल्या आणि दुहेरी टेपने भिंतीला चिकटवल्या. आवाज ना बाहेर जायचा थांबला ना आत यायचा. आठवड्याभरात टेप सुटायला लागली. एक चौकट रात्री अडीच वाजता बहिणीच्या डोक्यावर पडली, ती ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा सुरू ठेवून बसलेली असताना. सोबत भिंतीचा रंगही आला. त्या दिवसापासून घरात "स्टुडिओ" हा शब्द काढायची सोय नाही.

आत्ताची अवस्था: रेकॉर्डिंगमध्ये सगळं ऐकू येतं. पंखा, टीव्ही, खाटेची करकर. परवा एक आलाप बरा झाला म्हणून तीनदा ऐकला, तर शेवटच्या षड्जाच्या मागे कपाटाची बिजागरी. तीही सुरात नाही! शिवाय हेडफोनमध्ये माझाच आवाज मला जरा उशिरा येतो, त्यामुळे ताना घ्यायला गेलं की जीभ अडखळते.

कंडेन्सर विकून डायनॅमिक माइक (कमी नाजूक, स्टेजवर असतो तसा) घेऊ का? भिंतीचं काय करू? आणि बहिणीशी न भांडता हे जमवलंय असं कुणी आहे का?

---

उशीत_तोंड

डोक्यावर फोम पडला ही बातमी वाईट, पण फोमच होता ही चांगली. :)

कंडेन्सर विका. एका खोलीत दोघं असतील तर डायनॅमिकला पर्याय नाही. शुअरचा एसएम५८ घ्या, १९६६ पासून लोक त्यावर ओरडतायत, अजून मोडलेला नाही. मागचा आवाज घेतच नाही.

---

जुनाकान

विकायची घाई करू नका. "डायनॅमिक माइक मागचा आवाज घेत नाही" हे अर्धंच खरं आहे. दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारे) माइक तोंडापासून सारख्याच अंतरावर ठेवा, गेन (माइकचा आवाज वाढवायचं बटण) लावून आवाजाची पातळी सारखी करा, मग टीव्ही दोन्हींत जवळपास तेवढाच येतो. डायनॅमिक स्वच्छ वाटतो कारण आपण त्याला ओठ टेकवून गातो. म्हणजे खरं काम अंतर करतं.

त्याचा हिशोब सोपा आहे. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. खोलीतला गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. तुम्ही दोन फुटांवरून गात असाल आणि सहा इंचांवर आलात तर साधारण १२ डेसिबलचा फायदा झाला, एक पैसा खर्च न करता. फार जवळ गेलात तर खर्ज फुगतो (कार्डिऑइडचा हा स्वभावच आहे) आणि "प", "फ" फुटतात, म्हणून पॉप फिल्टर (माइकपुढची जाळी) लावा आणि माइक तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्याकडे थोडा तिरका धरा.

आता दिशा. कार्डिऑइडला सगळ्यात कमी ऐकू येतं ते बरोबर पाठीमागून. म्हणून गोंगाट कुठून येतो ते आधी शोधा आणि माइकची पाठ तिकडे करा. तुमचा टीव्ही भिंतीपलीकडे आहे ना? मग त्या भिंतीकडे तोंड करून गा, माइक तुमच्या आणि भिंतीच्या मध्ये.

आणि ही गोष्ट जवळजवळ सगळे उलटी करतात: जाड गोधडी माइकच्या मागे नको, तुमच्या मागे हवी. माइकचं तोंड तुमच्याकडे आहे, म्हणजे तुमच्या पाठीमागून जे काही परत येईल ते तो कान देऊन ऐकणार. खिळा नको असेल तर कपाटाची दारं उघडा, कपडे भरलेले असतात, तिकडे पाठ करून उभ्या राहा. दोन्ही दारांवरून एक रजई सोडा. फुकटात कोनाडा तयार.

फोमबद्दल: तुमचा दोष नाही, सगळेच फसतात. आवाज शोषणं आणि आवाज अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. फोम खोलीतला नाद थोडा शोषतो, तोही वरच्या पट्टीतला. भिंतीला लागून असलेला दोन इंची फोम १०० हर्ट्झला जवळजवळ काहीच करत नाही, त्या लाटेची लांबीच साडेतीन मीटरच्या आसपास असते. अडवायला वजन लागतं, आणि फट असली तर वजनही कामाचं नाही. दाराच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का फट उघडी असेल, तर दार कितीही जाड असो, सगळं मिळून २० डेसिबलच्या पुढे अडवता येत नाही. तेव्हा आधी दाराखालची फट बुजवा, जुन्या चादरीची गुंडाळी चालेल. खिडकीलाही तेच. टीव्ही भिंतीतून येतोय असं तुम्हाला वाटतंय, पण बराचसा दाराखालून येत असेल.

अंड्यांचे ट्रे लावा असं कुणी सांगितलं तर त्यांच्याकडे दुर्लक्ष करा.

---

उशीत_तोंड

जुनाकान, अंड्यांचे ट्रे मी लावले होते. :( मागे घेतो. एसएम५८ वाला सल्लासुद्धा अर्धा मागे घेतो.

---

पंखाबंद

हेडफोनकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. सेमी-ओपन हेडफोन घालून गाताना त्यातली तालाची टिकटिक बाहेर गळते आणि कंडेन्सर ती बरोबर टिपतो. शांत आलापात तर घड्याळ ठेवल्यासारखी. गाताना बंद कपांचे हेडफोन हवेत. तुमचे हे उघडे मिक्सिंगला (नंतर ट्रॅक एकत्र जुळवायला) ठेवा, तिथे ते छान. एक कान उघडा ठेवून गायची सवय असेल तर टिकटिक फक्त झाकलेल्या कानात पाठवा, उघड्या बाजूचा आवाज पूर्ण बंद. माझ्या पहिल्या तीन गाण्यांत मेट्रोनोम हे प्रमुख वाद्य आहे.

उशिरा येणारा आवाज: सॉफ्टवेअरमध्ये बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा साठवून पुढे पाठवतो ते) बघा. ४८ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे २१ मिलिसेकंद, आणि हे फक्त एका वाटेचं, जाऊन परत यायचे आणखी. १२८ केलात तर एका वाटेला तीनच्याही आत येतं. जुना लॅपटॉप १२८ ला कुरकुरला तर त्याचा नाद सोडा आणि इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबा. तुमचा आवाज लॅपटॉपमध्ये न जाता थेट कानात येईल.

विंडोज असेल तर इंटरफेसचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर (उशीर कमी करणारा) टाकलाय ना, तेही बघा.

---

मंद्रातली

सगळ्यांचे आभार, आणि जुनाकान, तुमचा प्रतिसाद मी बहिणीला मोठ्याने वाचून दाखवला. "तुमच्या मागे गोधडी" ह्यावर तिचं म्हणणं, "गोधडी माझी आहे."

डायरेक्ट मॉनिटर चालू केलं. उशीर गेला पण आता आवाज दुहेरी येतोय, पिंपात गाते आहे असा. काय चुकलं?

---

पंखाबंद

सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं इनपुट मॉनिटरिंगपण चालू राहिलंय. एक थेट येतोय, एक लॅपटॉपमधून फिरून. सॉफ्टवेअरमधलं बंद करा.

---

खटखट_पट्टी

पेटीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी. पेटी आणि गळा एकदम रेकॉर्ड करू नका. एकाच खोलीत, एका माइकवर भाता आणि गळा दोन्ही आले की नंतर काही वेगळं करता येत नाही. आधी पेटी, मग तिच्यावर गाणं.

पेटीला सहा इंच चालत नाहीत. इतक्या जवळून पट्ट्यांची खटखट आणि भात्याचा श्वास सुरांपेक्षा मोठा येतो. दीड ते दोन फूट अंतर, थोडं वरून, भात्यापासून लांबच्या बाजूला. म्हणजे जुनाकान म्हणतात तो जवळिकीचा फायदा इथे मिळणार नाही, आणि म्हणूनच तुमचा कंडेन्सर ठेवा. एवढ्या अंतरावर डायनॅमिकचा गेन इतका वाढवावा लागतो की स्वस्त इंटरफेसची सूं सूं ऐकू येते. शांत वेळ कमी असेल तर ती पेटीला द्या. गळा गोंगाटातही निभावतो.

आणखी एक. पेटी नेमकी ४४० हर्ट्झच्या प्रमाण मापाला असतेच असं नाही, आणि ती गाण्यापुरती सुरात लावून घेता येत नाही. तेव्हा पेटी आधी रेकॉर्ड करून मित्राला पाठवा, गिटार त्याने पेटीला जुळवून लावावी. उलट केलंत तर पूर्ण गाणं एका केसाने बेसूर राहतं आणि दोष गळ्यावर येतो. मी दोन महिने स्वतःच्या गळ्याला शिव्या घातल्या आहेत.

---

मंद्रातली

अपडेट. पंखाबंद, पिंप गेलं.

काल साडेपाचला प्रयोग केला. दाराखाली चादर, कपाट उघडं, पाठीमागे गोधडी (बहिणीकडून भाड्याने मिळाली), टीव्हीच्या भिंतीकडे तोंड, माइक सहा इंचांवर, पंखा बंद. गायच्या आधी दहा सेकंद नुसती खोली रेकॉर्ड केली. आधीच्या फाइलमध्ये शांत जागेची पातळी उणे ४२ डेसिबलच्या (शून्य म्हणजे कमाल मर्यादा) आसपास होती, आता गाण्याचा आवाज तेवढाच ठेवून उणे ५६. टीव्ही आहे, पण शोधावा लागतो. फरक ऐकून मी खरंच खुर्चीवर बसले.

दोन गोष्टी मात्र राहिल्या. एक, खूप हळू ऐकलं की एक बारीक गुणगुण सतत आहे, गाणं नसतानाही. दुसरी, गोधडीच्या पुढ्यात पंखा बंद करून तीन टेक घेतले की मी घामाने निथळते, आणि चौथ्या टेकला सूर खाली यायला लागतात.

बहिणीशी तह झालाय. ती झोपलेली असताना मी एडिटिंग करायचं, हेडफोन लावून, माउसची टिकटिकही नको म्हणून आवाज न करणारा माउस घ्यायचा. तिच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी सहा ते सात खोली माझी, ती बाहेर जाऊन झोपेल. तो तास पेटीला.

---

जुनाकान

१४ डेसिबल! छान.

गुणगुण: लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर दहा सेकंद रेकॉर्ड करा. गेली तर चार्जर आणि इंटरफेस यांच्या अर्थिंगचा घोळ आहे, टेक घेताना बॅटरीवरच चालवा. नाही गेली तर माइकची वायर विजेच्या वायरींना समांतर जाते का बघा. जात असेल तर लांब न्या, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. त्यानंतर गळ्याच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खालचं कापा, बाईच्या गळ्यात तिथे काही नसतं.

रेकॉर्डिंग २४ बिटला ठेवा आणि सगळ्यात मोठा सूर उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला भिडवायची गरज नाही, उलट तार सप्तकात फाटतं.

घामाचं: टेक छोटे करा. आधी अंतरा, पंखा, पाणी, मग मुखडा. पण पायाखाली खूण करा, टेप लावा. परत आल्यावर चार इंच मागे उभ्या राहिलात तर दोन टेक जोडताना आवाजाचा पोत बदललेला कळतो.

---

मंद्रातली

चार्जरच होता! काढला आणि गुणगुण गेली.

पायाखाली टेप लावली. दुहेरी टेप नाही, साधी कागदी. बहिणीने आधी फरशीचा कोपरा उचकटून पाहिला, मग परवानगी दिली.

गोधडी सकाळी साडेसहाच्या आत घडी घालून तिच्या खाटेवर परत, ही अट. काल विसरले, कपाटाच्या दारावरच राहिली. आज खटखट_पट्टी म्हणतात तशी पेटी लावून बसले, तर माझ्या हेडफोनच्या वायरीला चिठ्ठी बांधलेली: "भाडं वाढलं आहे."