उद्यानातली दाट झुडपं विरळ करावीत का? डासांच्या निमित्ताने चर्चा

रानवाटा
उद्यानात डास वाढले की दोनच मागण्या होतात: धूरफवारणी करा, नाहीतर साचलेलं पाणी काढा. पाण्याचा मुद्दा खराच आहे. पण झाडोऱ्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि ते बोललं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. बाग आखताना आपण सावली आणि फुलं बघतो, जमिनीलगतच्या दोन-तीन फुटांत काय चाललंय ते बघत नाही.

डास दिवसाचा बराच वेळ उडत नसतो, बसून असतो. ऊन आणि कोरडी हवा त्याला सोसत नाही, म्हणून तो झुडपाच्या पोटात, दमट सावलीत, पानांच्या खालच्या अंगाला चिकटून राहतो. भर दुपारी अशा झुडपाच्या फांद्या हाताने बाजूला करून बघा. पायांवर पांढरे पट्टे आणि पाठीवर एकच पांढरी रेघ असलेले काळे डास उठतात आणि थेट पोटरीवर येतात. हा एडिस अल्बोपिक्टस, मूळचा जंगलातला. २०१४ साली तोक्योत जवळपास ७० वर्षांनी स्थानिक लागणीच्या डेंगीची साथ आली, दीडशेहून जास्त लोक आजारी पडले आणि बहुतेकांचा माग योयोगी उद्यानापर्यंत गेला. उद्यान बंद ठेवावं लागलं. डास हाच होता.

शिवाय खाण्याचं बघा. नर रक्त पितच नाही आणि मादीलाही फुलांतला गोड रस लागतो. आफ्रिकेतल्या माली देशात काही खेड्यांत वेड्या बाभळीच्या फुललेल्या फांद्या तोडल्या, तर मलेरियाचे डास जवळपास ७० टक्क्यांनी घटले. हे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं.

म्हणून वाटा, बाकं आणि मुलांच्या खेळण्यांच्या जागा यांच्या कडेची झुडपं विरळ करावीत, खालच्या फांद्या काढून ऊन-वारा आत जाऊ द्यावा. तुम्हाला काय वाटतं?

चतुर
साफ असहमत. झुडूप डासाला आसरा देतं, जन्म देत नाही. जन्म पाण्यात. उबदार हवेत अंड्यापासून उडत्या डासापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. उद्यानात ते पाणी कुठे असतं? पाइपलाइनच्या व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये, बंद पडलेल्या कारंज्यात, उलट्या पडलेल्या झाकणात, झुडपाखाली फेकलेल्या कपात. एडिसची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटवते. ती कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात, पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणजे पाणी नुसतं ओतून भागत नाही, भांडं घासून काढावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचा फोटो काढता येत नाही, म्हणून होत नाही. त्याऐवजी झुडपांवर कात्री चालवायची?

मालीचा दाखला इथे लागू होत नाही. तो कोरडा मुलुख, इतर फुलं कमी, आणि डास ॲनॉफिलीस, म्हणजे मलेरियाचा. शहरी बागेत रसाचे पर्याय ढीगभर.

उलट ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहराचा २०१५ चा अभ्यास बघा. झाडी कमी आणि उष्णता जास्त असलेल्या भागांत डेंगीचं प्रमाण अधिक निघालं. उष्णतेत अळ्या लवकर वाढतात आणि विषाणूही डासाच्या शरीरात लवकर पिकतो. 'विरळ करा' असा आदेश निघाला की प्रत्यक्षात काय होतं ते आपण सगळेच बघतो. कंत्राटदाराचा माणूस सरसकट भादरून टाकतो.

रानवाटा
मी झाडं तोडा म्हटलेलं नाही. साओ पाउलोचा अभ्यास शहराच्या एकूण झाडीबद्दल आणि तापमानाबद्दल आहे. डोक्यावरचं छत्र राहू द्या, मी गुडघ्याखालच्या गचपणाबद्दल बोलतोय. कोरड्या मुलखाचा आक्षेप असेल तर अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचं उदाहरण घ्या. तिथे परदेशातून येऊन माजलेली हनीसकलची झुडपं मोठ्या प्रमाणावर काढली, आणि डास घटले. तेही २०१७ चंच संशोधन.

चतुर
त्याच संशोधनात पक्षीही घटले, ते तुम्ही सांगितलं नाहीत. आणि तिथे काढली ती उपरी झुडपं. त्यावरून बागेतल्या प्रत्येक झुडपाला दोषी ठरवता येणार नाही.

माळीणबाई
दोघांचं वाचलं. बागेच्या कामात माझं आयुष्य गेलंय, म्हणून सांगते. झाडं एकीकडे आणि पाणी दुसरीकडे असं धरून तुम्ही भांडताय. कितीतरी झाडं स्वतःच पाणी धरतात.

बांबूचं बेट घ्या. काठी दोन पेरांच्या, म्हणजे गाठींच्या, मध्ये कापली की खाली उभा पेला तयार होतो. पाऊस झाला की तो भरतो, वरून पानं पडून कुजतात, पाणी चहासारखं तांबूस होतं. त्यातलं थोडं पाणी पिचकारीने ओढून पांढऱ्या ताटलीत सोडा. आधी काहीच दिसत नाही, मग काळपट अळ्या वळवळत कडेला जातात. एका बेटात असे किती पेले असतील विचार करा. आणि उपाय किती साधा! कांडी पेराच्या लगेच वर कापायची, पाणी धरायला जागाच उरत नाही. हे छाटणी करणाऱ्याला कुणी शिकवत नाही.

तेच केळीच्या आणि अळूच्या बेचक्यांचं, झाडांच्या ढोल्यांचं, आणि हल्ली शोभेसाठी लावतात त्या ब्रोमेलियाडचं. त्याची पानं बुडाशी एकात एक बसून टाकीच करतात. अमेरिकेतल्या मायामीत २०१६ साली डासांमुळे होणारा झिका हा आजार पसरला तेव्हा सार्वजनिक जागांतली ब्रोमेलियाड उपटून काढली होती.

तळं असेल तर जलपर्णी आणि पाण्यावर तरंगणारी पिस्टिया यांच्याकडेही लक्ष द्या. मॅन्सोनिया नावाच्या डासाची अळी श्वास घ्यायला वर येतच नाही. ती आपली नळी या वनस्पतींच्या मुळांत खुपसते आणि तिथूनच हवा घेते. पाण्यावर तेल टाका, काही उपयोग नाही. वनस्पती काढली तरच अळी मरते. याच डासामुळे एका प्रकारचा हत्तीरोग पसरतो, त्यामुळे हे किरकोळ समजू नका.

तेव्हा कुठलं झाड, कुठे लावलंय आणि कसं कापलंय, ते आधी बघा. सरसकट 'झुडपं' म्हणून काही ठरवता येत नाही.

गंधाली
मग डास पळवणारी झाडंच लावली तर? सिट्रोनेला, तुळस, झेंडू? वाटेच्या दोन्ही कडांना लावता येतील.

माळीणबाई
गंधाली, झाडं छान आहेत, जरूर लावा. पण त्या भरवशावर राहू नका. तेल पानांच्या आत असतं, पान चुरगळलं तरच बऱ्यापैकी बाहेर पडतं. नुसत्या उभ्या रोपाने दोन हातांवरचा डासही हलत नाही.

चतुर
बांबूचं शंभर टक्के मान्य. ढोल्यांबद्दल मात्र कळकळीची विनंती, 'ढोली बुजवा' असं कुठेही लिहून देऊ नका. सिमेंट ओतून झाडाचं खोड कुजवल्याचे प्रकार झाले आहेत, आणि त्या ढोलीत घुबडं, पोपट राहतात. पाणी साचणारी ढोली असेल तर बीटीआय टाकावं. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडलेला हा जिवाणू डासांच्या अळ्यांच्या आतड्यावर काम करतो, माणसाला आणि पक्ष्यांना त्रास देत नाही.

तळ्याचंही तसंच. काठाची सगळी वनस्पती खरवडून काढली की चतुरांची पिल्लंही जातात, आणि तीच पाण्यात डासांच्या अळ्या फस्त करतात.

रानवाटा
माळीणबाईंचा तपशील मोलाचा आहे, पण माझा मुद्दा शिल्लक राहतोच. बागेबाहेरच्या गच्चीवर, टायरमध्ये जन्मलेला डास एक-दोनशे मीटर सहज येतो आणि बागेतल्या गचपणात मुक्काम करतो. बागेतलं पाणी थेंबाथेंबाने काढलं तरी तो येणारच. पहाटे चालायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला चावतो तो उडता डास, अळी नाही. धुराचं औषधही दाट झुडपाच्या आतपर्यंत नीट पोचत नाही.

मोजपट्टी
तुमच्या वादात एक गोष्ट निसटतेय. चतुर अळ्या मोजतात, रानवाटा बसलेले डास मोजतात. दोन्ही आकडे एकाच बागेत वेगवेगळे निघू शकतात. एका कडेची झुडपं खालून उचलावीत, दुसऱ्या कडेला फक्त पाण्याच्या जागा काढाव्यात, तिसरी आहे तशी ठेवावी, आणि तिन्ही ठिकाणी सापळे लावून पूर्ण पावसाळा मोजणी करावी. जातीही ओळखाव्यात. रात्री चावणारा क्युलेक्स गटारातून आलेला असेल तर झुडपांच्या छाटणीचा निकाल वेगळा येईल.

चतुर
मोजणीला माझी तयारी आहे. अट एकच. घरटी असतील त्या काळात कात्री लावायची नाही, आणि कुठली फांदी काढायची ते माळीणबाईंसारख्या माणसाने उभं राहून दाखवायचं.

रानवाटा
घरट्यांची अट मान्य. पण खेळण्यांच्या कडेचा पट्टा मोजणीत 'आहे तसा' ठेवायचा नाही. तिथे लहान मुलं उघड्या पायांनी दोन-दोन तास बसतात.