मदत हवी आहे: वाचनाचे गट पाडले, ते वस्तीप्रमाणेच पडले

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे, बीड जिल्ह्यात. माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र, पटावर ३१. निम्म्याहून जास्त पोरं तांड्यावरची, बाकीची गावातली. तांड्यावर घरात गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात आणि आईबाप ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. काही पोरं आजीजवळ राहतात, हंगामी वसतिगृहातून त्यांच्या जेवणाची सोय होते. पाठीवर धाकटं भावंड असलं तर मुलीला मात्र बहुतेक वेळा कोपीवर (ऊसतोड्यांच्या झोपडीवर) नेतातच, त्याला सांभाळायला.

स्थलांतर करणाऱ्या पोरांना तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड भरून देतो आम्ही. सांगली-कोल्हापूरकडे गेलेली काही पोरं खरंच तिथल्या शाळेत बसतात. कर्नाटकातल्या कारखान्याला गेलेल्यांना जवळची शाळाच कन्नड. परत आली की वयानुरूप वर्गात बसवायचं, असं २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, आणि ते मला पटतं. दहा वर्षांच्या पोराला पहिलीत बसवलं तर तो दुसऱ्या दिवशी येणारच नाही. त्याच कलमात विशेष प्रशिक्षणाचाही हक्क दिलाय. ते द्यायचं मीच, त्याच खोलीत, त्याच तासाला.

जूनमध्ये 'असर' या शालेय सर्वेक्षणात घेतात तशी तोंडी चाचणी घेतली: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट केले आणि रोज सकाळचा पहिला तास फक्त वाचनाला दिला. 'प्रथम' या शिक्षणसंस्थेची ही पद्धत इथे बऱ्याच जणांनी वापरली असेल. फरक पडतो, याबद्दल माझी तक्रार नाही. अक्षरावर अडलेली पोरं शब्दांवर आली.

पण अक्षर-शब्दाच्या गटात एक पोरगं सोडलं तर सगळी तांड्यावरची, आणि गोष्टीच्या गटात एक मुलगी सोडली तर सगळी गावातली. गटांना मोर, पोपट अशी नावं दिली होती. ती कोणी वापरलीच नाहीत. पोरं सरळ "तांड्याचा गट" म्हणतात. परवा गावातल्या एका आईने फाटकात गाठून विचारलं, "मॅडम, आमची पोरगी त्यांच्यात तर नाही ना बसवली?" तांड्यावरचा चौथीतला एक मुलगा आता शब्द धडाधड वाचतो, पण परिच्छेदाच्या गटात जायला तयार नाही. म्हणतो, "तिकडं आमचं कोणी नाही."

गट मोडले तर पुन्हा एकच धडा सगळ्यांना, म्हणजे मागची पोरं गप्प बसून फळा उतरवणार. ठेवले तर हे असं. पातळीप्रमाणे शिकवून वर्ग एकत्र कसा ठेवायचा, हे कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा. "पालकांचं प्रबोधन करा" कृपया नको. वेळ दसऱ्यापर्यंतच आहे.

अवांतर: टॅब, स्मार्ट टीव्ही सुचवू नका. टीव्ही आहे, वीजबिल थकलंय.

जुना_मास्तर:
ताई, वाचन आणि गणित या दोन्हींना एकच गट ठेवलाय का? तसं असेल तर आधी ते मोडा. गणिताची चाचणी निव्वळ तोंडी घ्या. टोळीबरोबर राहिलेली पोरं टनाचा भाव, गाडीत बसलेले टन, उचलीतून (आगाऊ घेतलेल्या रकमेतून) वजा झालेले पैसे हे ऐकतच वाढतात. माझ्या वर्गात तोंडी वजाबाकीत ती गावातल्यांच्या पुढे असायची, कागदावर मांडणी येत नव्हती इतकंच. सकाळी शब्दांच्या गटात बसलेला पोरगा दुपारी गणितात दुसऱ्याला समजावतोय, हे सगळ्यांनी रोज पाहिलं की नावं आपोआप ढिली पडतात. आणि त्या चौथीतल्या मुलाला एकट्याला वर पाठवू नका. आणखी एक तयार होईपर्यंत थांबा, मग जोडीने पाठवा.

गावकूस:
आईचा तो प्रश्न पोरांसमोर झाला असेल तर हलक्यात घेऊ नका. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलग्यांकडून कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवून घेतली होती. जात कोणी उच्चारली नाही तेव्हा वरच्या-खालच्या जातींची मुलं बरोबरीत होती. सगळ्यांसमोर जात जाहीर केली, आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. म्हणून वर्गात "तांड्याचा गट" हा शब्द ऐकू आला की तिथल्या तिथे थांबवा, समजावत बसू नका.

दुसरं, तांड्यावरची बारावी झालेली एखादी मुलगी मिळेल का? मुंबई आणि वडोदऱ्यात 'बालसखी' हा उपक्रम असाच चालला होता: वस्तीतलीच तरुणी, तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञांनी तो तपासला तेव्हा फायदा दिसला होता. तुमच्याकडे तर तिला गोरमाटीही येईल. फक्त तिला एकट्या खालच्या गटावर बसवू नका, नाहीतर तांड्याचा गट आणि तांड्याची बाई असं होईल. आठवड्यातून काही दिवस गोष्टीचा गट तिच्याकडे द्या, शब्दांचा तुम्ही घ्या.

धागाकर्ती:
मास्तर, हो, दोन्हीला एकच गट होता. सोमवारी गणिताची तोंडी चाचणी घेते. जोडीने पाठवायचं हे तर लगेच करण्यासारखं आहे, त्याचा चुलतभाऊ तयारच होत आलाय.

गावकूस, तशी मुलगी आहे, बाळंतपणाला माहेरी आली होती, ती यंदा टोळीबरोबर जाणार नाहीये. पण फुकट बोलवायला मन धजत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावावर किंवा ग्रामपंचायतीकडून असं मानधन कोणी दिलंय का? ठरावाचा मजकूर कसा लिहिला होता तेवढं कळलं तरी चालेल.