खतातून आपोआप उगवलेला हा भोपळा कोणता?

हिरवी_गच्ची
ओल्या कचऱ्याच्या खतातून वेल उगवलाय. फुलं पिवळी, पण फळ दुधीसारखं लांब मानेचं, हिरवं, त्यावर फिकट पट्टे. पानांवर पांढरे ठिपके आहेत. शेजारीच दुधीचा मांडव आहे, दोघांचा संकर झाला असेल का? फळ कोवळं काढू की पिकू देऊ?

बियाणेपेटी
दुधीचा संबंध नाही. दुधी लॅजेनेरिया वंशातला, भोपळा कुकुर्बिटा वंशातला. बागेत त्यांचा संकर होत नाही. शिवाय परागाचा परिणाम बियांत उतरतो, त्याच फळाच्या आकारावर नाही.

रंग-आकारावर जाऊ नका, देठ बघा. टणक, पाच कंगोऱ्यांचा आणि फळाला चिकटतो तिथे पसरट असेल तर मोस्काटा ही भोपळ्याची जात, लांब मानेचा बटरनट यातलाच. गोल, जाड, बुचासारखा भेगाळलेला असेल तर मॅक्सिमा ही जात. कंगोरे धारदार पण तळाशी फारसे पसरत नसतील, पानं हाताला टोचत असतील तर पेपो, म्हणजे झुकिनीची जात.

ठिपके बोटाने पुसून पाहा. पीठ निघालं तर भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. शिरांच्या बेचक्यातले चंदेरी डाग तसेच राहिले तर तो पानाचाच रंग. मोस्काटात तो बऱ्याचदा दिसतो.

हिरवी_गच्ची
पुसून निघत नाहीत. देठ पाच कंगोऱ्यांचा, खाली पसरट.

बियाणेपेटी
मग मोस्काटाच. मान बघता बटरनटचा अंश असावा. संकरित फळाचं बी रुजलं की पुढच्या पिढीत रंग-आकार विस्कटतात, त्यामुळे याला वाणाचं नेमकं नाव लावणं बरोबर नाही.

वेलमांडव
नावापेक्षा हे महत्त्वाचं: खाण्याआधी कच्च्या गराचा नखाएवढा तुकडा जिभेला लावून थुंकून टाका. कडू लागला तर अख्खं फळ फेका. कडूपणा कुकुर्बिटासिन या द्रव्याचा; तो शिजवून जात नाही आणि उलट्या-जुलाब होतात. शोभेच्या भोपळ्यांशी संकर झालेल्या पेपोत धोका जास्त, तरी आपोआप उगवलेल्या कुठल्याही वेलाचं फळ असं तपासाच.

फळ पिकू द्या. साल फिकी पडून नख रुतेनासं झालं की काढा. देठ 4-5 सेंमी ठेवून कात्रीनेच कापा. पिळून तोडलं की देठ निखळतो आणि तिथूनच कूज लागते. मग 10 ते 14 दिवस सावलीत, हवेशीर जागी गोणपाटावर ठेवा.

हिरवी_गच्ची
बी धरू का?

बियाणेपेटी
चव आवडली तरच. त्यासाठी दुसऱ्या वेलाचा पराग लागू नये म्हणून उद्या उमलणारी मादी कळी (खाली इवलं फळ असतं ती) आणि नर कळी आज संध्याकाळी दोऱ्याने बांधा. सकाळी लवकर नर फुलाच्या पाकळ्या काढून पराग मादी फुलात फिरवा, आणि मादी फूल पुन्हा बांधून टाका.