व्हिडिओ अर्काइव्हमधून लिफ्टची रेकॉर्डिंग गायब (सोसायटी ग्रुप)

ए-४०२ काकू: लिफ्टवाल्या इंजिनिअरने मशीनरूम दाखवली होती, तो व्हिडिओ अर्काइव्हमध्ये दिसत नाही. मागच्या सर्वसाधारण सभेचाही नाही. उद्या लिफ्टच्या कराराची चर्चा आहे. कोणी उडवलं? आणि पेज तर आज उघडतच नाहीये.

सेक्रेटरी: काकू, कोणीही काही उडवलेलं नाही. काल रात्री वीज गेली होती, ऑफिसातला सर्व्हर रीस्टार्ट झाला. सी-१०१, जरा बघता का?

बी-२०३ काका: बॅकअप आहे का? एवढंच विचारतो.

सी-१०१: बघितलं. दोन वेगवेगळे घोटाळे आहेत, कृपया एकत्र करू नका.

पहिला, पेज न उघडण्याचा. आपला अर्काइव्ह ज्यावर आहे ते ट्यूब अर्काइव्हिस्ट (यूट्यूबचे व्हिडिओ उतरवून जपणारं सॉफ्टवेअर) तीन कंटेनरवर, म्हणजे वेगवेगळ्या बंदिस्त प्रोग्रॅमवर, चालतं: मुख्य ॲप, इलॅस्टिकसर्च (व्हिडिओंच्या नोंदी ठेवणारा डेटाबेस) आणि रेडिस (तात्पुरती माहिती ठेवणारा). यातलं इलॅस्टिकसर्च सुरू होऊन लगेच पडतंय. त्याला होस्ट मशीनवर (म्हणजे खुद्द सर्व्हरवर) मॅक्स मॅप काउंट ही मेमरीची मर्यादा किमान २६२१४४ लागते. ज्याने सेटअप केला त्याने ती नुसत्या कमांडने दिली होती, ती रीस्टार्टनंतर टिकत नाही. सिसकंट्रोलच्या कॉन्फ फाइलमध्ये (सर्व्हरच्या कायमच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये) ओळ टाकली की कायमचं मिटतं. कंटेनरच्या आत बदलून उपयोग नाही, होस्टवरच हवं.

डी-३०५: वीज गेली की इन्व्हर्टर जिन्याला, सर्व्हरला नाही. हे कोणी ठरवलं?

सेक्रेटरी: हे सभेत ठरलं होतं. तुम्ही तेव्हा नव्हता.

डी-३०५: मला बोलावलं असतं तर असतो ना.

ए-४०२ काकू: अहो, व्हिडिओ!

सी-१०१: पेज सुरू झालं. आता दुसरा घोटाळा, आणि हा गंभीर आहे. सेटिंग्जमध्ये 'बघितलेले व्हिडिओ आपोआप डिलीट' समोर ३० दिवस टाकलेत. म्हणजे व्हिडिओवर 'बघितला' अशी खूण पडली की ३० दिवसांनी, पुढचं डाउनलोडचं काम संपल्यावर, फाइल डिस्कवरून जाते. ही खूण माणसागणिक वेगळी नसते. एका घराने शेवटपर्यंत पाहिला की सगळ्या सोसायटीने पाहिला असं धरलं जातं. घरी एकटा माणूस वापरत असेल तर ही सोय बरी. सार्वजनिक संग्रहात ती चालूच नको. मी रिकामी करून सेव्ह केली आहे.

ए-४०२ काकू: म्हणजे मी बघितला म्हणून उडाला??

सी-१०१: नाही काकू, सेटिंगने उडवला. बघायलाच तर ठेवला होता.

बी-२०३ काका: पुन्हा विचारतो. बॅकअप आहे का?

सेक्रेटरी: काका, डिस्क भरत आली होती म्हणून मागच्या कमिटीने ते ३० घातलं असेल. कोणावर बोट दाखवायचं नाही.

डी-३०५: मागच्या कमिटीला नाव न घेता बोट दाखवून झालं 😄

सी-१०१: डिस्कचं कारण खरं असेलही. डिस्क ९५ टक्के भरली की इलॅस्टिकसर्च इंडेक्स (नोंदींची यादी) फक्त वाचण्यापुरता ठेवतं, मग नवीन नोंद होत नाही. पण त्यावर उपाय फाइलचा आकार कमी करणं हा. फॉरमॅटमध्ये उंची १०८० पर्यंत मर्यादित करू. सॉर्टमध्ये व्हीकोडेकला (व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीला) एच२६४ देऊ, म्हणजे आधी तो निवडला जाईल. हॉलमधला जुना टीव्ही एव्ही१ ही नवी पद्धत वाजवत नाही, चित्र काळं आणि आवाज चालू, ती तक्रारही यानेच जाईल. मात्र हे नवीन डाउनलोडलाच लागू होईल. जुनी फाइल बदलायची तर ती पुन्हा उतरवावी लागते.

ए-४०७: माझ्या मुलीच्या नाचाचा व्हिडिओ ४के मध्ये राहू द्या प्लीज. आठवण आहे.

सी-१०१: यूट्यूबवर एच२६४ १०८० पर्यंतच मिळतो. त्यावरची उंची हवी तर व्हीपी९ किंवा एव्ही१ या दुसऱ्या पद्धती घ्याव्या लागतील. चॅनलनिहाय फॉरमॅट वेगळा ठेवता येतो, पण एकाच चॅनलमध्ये एका व्हिडिओसाठी वेगळा नको. मूळ फाइल असेल तर पेनड्राइव्हवर द्या, ती वेगळी जपू.

ए-४०२ काकू: माझा लिफ्टवाला परत मिळेल का ते सांगा.

सी-१०१: सभेचा मिळेल. आपोआप डिलीट झालेले व्हिडिओ 'दुर्लक्षित' यादीत टाकले जातात, म्हणून रोजच्या स्कॅनमध्ये ते पुन्हा येत नाहीत. सभेची रेकॉर्डिंग सोसायटीच्या चॅनलवर अजून आहे. यादीतून काढून डाउनलोडला लावली. लिफ्टचा व्हिडिओ मात्र मूळ चॅनलवरूनही काढलेला आहे.

सेक्रेटरी: तो खाजगी करायचा असं ठरलं होतं, काढायचा नव्हे.

डी-३०५: ठरलं होतं, ठरलं होतं.

सेक्रेटरी: आपण शांतपणे बोलूया. धन्यवाद.

बी-२०३ काका: म्हणूनच तिसऱ्यांदा विचारतो, बॅकअप कुठे आहे?

सी-१०१: काकांना उत्तर देतो, कारण प्रश्न तोच आहे. रोजचे स्नॅपशॉट (आपोआप घेतल्या जाणाऱ्या प्रती) चालू आहेत, पण ते इलॅस्टिकसर्चच्या डेटा फोल्डरमध्येच जातात. झिप बॅकअप कॅश फोल्डरमध्ये. दोन्ही त्याच डिस्कवर. डिस्क गेली की दोन्ही गेले. शिवाय त्यात फक्त इंडेक्स असतो, व्हिडिओ नसतात.

आणि इंडेक्सशिवाय व्हिडिओंचाही उपयोग नाही. फोल्डर उघडून पाहा: चॅनलच्या आयडीचा फोल्डर, आत ११ अक्षरी आयडीच्या एमपी४ फाइल. शीर्षक, तारीख, वर्णन सगळं इंडेक्समध्ये. कोणी फोल्डरमध्ये जाऊन हाताने नावं बदलू नका, ॲपला मग ती फाइल ओळखता येत नाही. 'मेटाडेटा एम्बेड' (शीर्षक वगैरे माहिती फाइलमध्येच घालणं) आणि 'थंबनेल एम्बेड' (छोटं चित्र घालणं) चालू केले आहेत, निदान नवीन फाइलमध्ये शीर्षक आत राहील.

बी-२०३ काका: झाला ना खुलासा. दुसरी डिस्क घ्या.

सी-१०१: घ्यावीच लागेल. व्हिडिओ, स्नॅपशॉट, झिप आणि कंपोज फाइल (कंटेनर कसे चालवायचे ते लिहिलेली), चारही तिच्यावर. झिप घेताना डाउनलोड किंवा स्कॅन चालू नको, नाहीतर नोंदी अर्धवट राहतात.

ए-४०७: अपडेट मी केलं तर चालेल का? कंपोजमध्ये लेटेस्ट लिहिलंय.

सी-१०१: आधी प्रत, मग अपडेट, आणि त्याआधी रिलीजच्या सूचना वाचा. मुख्य ॲपसोबत इलॅस्टिकसर्चची कुठली आवृत्ती चालते ते तिथे दिलेलं असतं. इलॅस्टिकसर्चच्या डेटा फोल्डरची मालकी १०००:० (वापरकर्ता:गट) असावी, नाहीतर परवानगीची एरर येते. टीए होस्ट या सेटिंगमध्ये ट्यूब अर्काइव्हिस्टचा पत्ता एचटीटीपीसकट आणि पोर्टसकट लिहा. तो चुकला की लॉगिन होत नाही आणि सगळे पासवर्डला दोष देतात.

डी-३०५: मी रोज तासातासाला स्कॅन लावू का? नवीन काही आलं की लगेच मिळेल.

सी-१०१: नको. वारंवार विचारणा केली की यूट्यूब अडवतं, मग काहीच उतरत नाही. दिवसातून एकदा पुरे. स्लीप इंटरव्हल (दोन विचारणांमधला थांबा) १० सेकंदांच्या खाली आणू नका. आणि कृपया स्वतःच्या मुख्य यूट्यूब खात्याची कुकी (लॉगिनची माहिती) टाकू नका, खातं बंद होण्याचा धोका असतो.

ए-४०२ काकू: लिफ्टवाला व्हिडिओ कोणाच्या फोनमध्ये आहे का? तेवढं बघा.

ए-४०७: माझ्याकडे फॉरवर्ड आलेला आहे बहुतेक. व्हॉट्सॲपने दाबलेला, पण कंट्रोल पॅनलवरचे आकडे दिसतात.

सी-१०१: चालेल. मला पाठवा, आयडी ठाऊक आहे. फाइलचं नाव तोच आयडी देऊन इम्पोर्ट फोल्डरमध्ये टाकावी लागेल, पण मूळ व्हिडिओ चॅनलवर नसल्याने सोबत मेटाडेटाची इन्फो जेसन फाइल हवी. ती मी हाताने बनवतो. रात्रीपर्यंत यादीत दिसेल.

सेक्रेटरी: दुसऱ्या डिस्कचा ठराव उद्याच्या सभेत घेतो. ॲडमिनचा पासवर्ड यापुढे सी-१०१ आणि माझ्याकडेच राहील.

डी-३०५: आणि बी-२०३ काकांकडे. लेखी द्या.

बी-२०३ काका: मला पासवर्ड नको. डिस्क आली की प्रत कोणत्या तारखेला घेतली ते ग्रुपवर टाका.