फाइल जपण्याचे काम कोणाचे: फाइलसिस्टिमचे की प्रोग्रामचे?

तळटीप:
फाइल सेव्ह केली, प्रोग्रामने तसे सांगितलेही, आणि दहा-पंधरा सेकंदांत वीज गेली, तर फाइल जागच्या जागी सापडावी ही सामान्य वापरकर्त्याची अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही. प्रत्यक्षात राइट हा सिस्टिम कॉल (प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टिमला केलेली विनंती) यशस्वी झाला याचा अर्थ एवढाच, की मजकूर कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, पेज कॅशेत, म्हणजे मेमरीत, पोहोचला. लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगनुसार असे बदललेले पान (मेमरीतला तुकडा) तीसेक सेकंद तसेच पडून राहू शकते.

एक्स्ट३ या लिनक्सच्या जुन्या फाइलसिस्टिमच्या (डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेच्या) काळात हे फारसे जाणवले नाही, कारण तिची जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, साधारण दर ५ सेकंदांनी कमिट (डिस्कवर पक्की) होई आणि 'ऑर्डर्ड' पद्धतीत मेटाडेटाच्या (फाइलीचे नाव, आकार, जागा यांच्या नोंदीच्या) आधी त्याच्याशी निगडित मजकूर डिस्कवर जाई. तिच्यानंतर आलेल्या एक्स्ट४ने ब्लॉक (मजकुरासाठी डिस्कवरची जागा) नेमून देण्याचे काम शक्य तितके पुढे ढकलले आणि तिथे गाडी अडली. प्रोग्राम नवा मजकूर तात्पुरत्या फाइलीत लिहितो आणि रीनेम करून, म्हणजे नाव बदलून, ती जुन्या फाइलीच्या जागी बसवतो. यातले रीनेम जर्नलमध्ये गेले, पण मजकुराला ब्लॉकच मिळाले नव्हते, अशा क्षणी यंत्र बंद पडले की जुनी फाइल गेलेली आणि नवी शून्य बाइटची. २००९ मध्ये याच्या तक्रारी आल्या, आणि कर्नल २.६.३० मध्ये असे रीनेम ओळखून नव्या फाइलीचे ब्लॉक लगेच नेमण्याची सोय झाली. माझे म्हणणे असे, की ही ठिगळासारखी सोय न राहता प्रत्येक फाइलसिस्टिमचा लेखी नियम व्हावा: जुनी फाइल मिळेल किंवा नवी मिळेल, रिकामी कधीही नाही.

शून्यएक:
पूर्ण असहमत. नियम लेखी आहेच, तो प्रोग्राम लिहिणारे वाचत नाहीत. तात्पुरत्या फाइलीत लिहा, तिच्यावर एफसिंक (मजकूर आत्ताच डिस्कवर उतरवा, ही विनंती) करा, मग रीनेम करा, आणि ज्या डिरेक्टरीत ते घडले तिच्यावरही एफसिंक करा. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग फाइलसिस्टिमला दोष देतात.

फाइलसिस्टिमने सगळ्यांच्या वतीने सावध राहायचे ठरवले की काय होते, तेही एक्स्ट३नेच दाखवले. तिच्यावर एका चिमुकल्या फाइलीचे एफसिंक केले, तरी त्या कमिटमध्ये अडकलेला इतरांचा मजकूरही आधी डिस्कवर जावा लागे. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ आपल्या एसक्यूलाइट डेटाबेससाठी वरचेवर एफसिंक करू लागला, तेव्हा शेजारी मोठी फाइल कॉपी होत असली की ब्राउझर सेकंद-सेकंद गोठून बसे. कंपाइलरच्या क्षणभर जगणाऱ्या फाइलींनी आणि ब्राउझरच्या कॅशेने ही किंमत का मोजावी?

तळटीप:
@शून्यएक, तुम्ही क्रम आणि टिकाऊपणा एकाच मापाने मोजता आहात. मजकूर आत्ताच्या आत्ता डिस्कवर न्या असे मी म्हणतच नाही. वाटल्यास मिनिटभराने न्या, पण रीनेमच्या आधी न्या. पॉझिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमच्या सामाइक मानकात, नुसता क्रम मागण्यासाठी कॉलच नाही. एफसिंकमध्ये क्रम आणि तातडी एकत्र बांधलेली आहेत, त्यामुळे ज्याला फक्त क्रम हवा त्यालाही तातडीचे पैसे भरावे लागतात. आणि ते महाग पडते म्हणूनच लोक एफसिंक टाळतात. हा निव्वळ आळस नव्हे.

फुकटसल्ला:
यूपीएस लावा, विषय संपला.

वाचनमात्र:
@फुकटसल्ला, कर्नल पॅनिक झाले, म्हणजे कर्नलच कोसळले, तर यूपीएस काय करणार?

मूळ वादाबद्दल: एफसिंक हा भक्कम पाया आहे असे दोघेही गृहीत धरता, पण २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकासकांना जे आढळले त्याने हे गृहीतकच डळमळले. लिनक्सवर एखादे पान डिस्कवर लिहिताना चूक झाली, तर एफसिंक ती चूक एकदा कळवते. मात्र न लिहिले गेलेले ते पान अनेक फाइलसिस्टिमवर 'स्वच्छ' म्हणून नोंदले जाते. प्रोग्रामने पुन्हा एफसिंक केले की उत्तर येते 'यशस्वी', आणि मजकूर डिस्कवर कुठेच नसतो. पोस्टग्रेस कित्येक वर्षे अशी चूक आली की पुन्हा प्रयत्न करत असे आणि दुसऱ्या उत्तरावर विश्वास ठेवून पुढे जाई. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून तिने पवित्रा बदलला: एफसिंक फसले की सर्व्हर मुद्दाम पाडायचा आणि आगाऊ लिहून ठेवलेल्या लॉगवरून डेटा पुन्हा उभा करायचा.

मॅकओएसवर तर साधे एफसिंक डिस्कच्या स्वतःच्या कॅशेपर्यंतच हमी देते. तिथून पुढे खऱ्या माध्यमावर मजकूर उतरवायचा असेल, तर एफ_फुलएफसिंक ही वेगळी विनंती करावी लागते. मग 'नियम वाचा' म्हणजे नेमका कोणता नियम वाचायचा?

शून्यएक:
@वाचनमात्र, तुमचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. पोस्टग्रेस सावरू शकली, कारण कोणता बदल अर्धवट राहिला आणि कोणता पुरा झाला हे तिच्या लॉगला ठाऊक होते. फाइलसिस्टिमला यातले काही कळत नाही. तिच्या लेखी सगळे बाइटच. पोस्टग्रेसचे पान ८ केबीचे आणि डिस्कचे सेक्टर ५१२ बाइटचे किंवा ४ केबीचे, म्हणून अर्धेच पान लिहिले जाण्याचा धोका असतो. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक चेकपॉइंटनंतरच्या (बदललेली सगळी पाने डिस्कवर उतरवण्याच्या टप्प्यानंतरच्या) पहिल्या बदलाला ती आख्खे पान लॉगमध्ये लिहिते. मायएसक्यूएल डेटाबेसचे इनोडीबी इंजिन आपली १६ केबीची पाने त्याच भीतीने दोनदा लिहिते. ज्याला डेटाचा अर्थ कळतो, त्यानेच त्याची राखण करावी.

पडताळणी:
तुम्ही सगळे यंत्र बंद पडण्याबद्दल बोलता आहात. यंत्र व्यवस्थित चालू असताना गुपचूप होणाऱ्या बिघाडाचे काय? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५.३ लाख डिस्कची ४१ महिन्यांची नोंद तपासली गेली आणि चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) न जुळण्याचे चार लाखांहून अधिक प्रकार सापडले. एक्स्ट४ आपल्या मेटाडेटाचा चेकसम ठेवू शकते, तुमच्या मजकुराचा ठेवत नाही.

चेकसम कुठे ठेवला आहे, हेही महत्त्वाचे. समजा डिस्कने 'लिहिले' असे सांगितले आणि प्रत्यक्षात लिहिलेच नाही. चेकसम त्याच ब्लॉकला चिकटलेला असेल, तर जुना मजकूर आणि जुना चेकसम एकमेकांशी तंतोतंत जुळतात आणि चोरी पचते. झेडएफएस या फाइलसिस्टिममध्ये चेकसम वरच्या ब्लॉकमधील पॉइंटरपाशी (खालच्या ब्लॉकच्या पत्त्यापाशी) असतो, म्हणून तिथे ही थाप उघडी पडते. शिवाय ती जुन्या ब्लॉकवर कधीच लिहीत नाही. नवे ब्लॉक पूर्ण झाल्यावरच मूळ पॉइंटर बदलते, आणि त्यामुळे @शून्यएक यांनी सांगितलेला अर्ध्या पानाचा धोकाही फाइलसिस्टिमच्याच पातळीवर मिटतो. तिला 'डेटाचा अर्थ' न कळताही हे जमते.

शून्यएक:
अर्ध्या पानाबद्दल मान्य. पण व्हर्च्युअल मशीनची मोठी इमेज फाइल अशा फाइलसिस्टिमवर ठेवा आणि तिचे किती तुकडे होतात ते पाहा. म्हणून बीटीआरएफएस या तशाच फाइलसिस्टिमवर अशा फाइलींसाठी कॉपी-ऑन-राइट (जुन्यावर न लिहिता नव्या ब्लॉकवर लिहिणे) बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि ते बंद केले की त्या फाइलींचे चेकसमही बंद होतात. शिवाय दुसरी प्रत नसेल, तर चेकसम फक्त बिघाड झाल्याची वर्दी देणार.

पडताळणी:
वर्दी मिळाली तर बॅकअपमधून फाइल परत आणता येते. न मिळाली, तर बिघडलेलीच प्रत बॅकअपमध्ये जाऊन बसते आणि काही दिवसांनी चांगली प्रत फिरतीत पुसली जाते.

तळटीप:
@शून्यएक, 'ज्याला अर्थ कळतो त्याने राखण करावी' हे ऐकायला ठीक आहे. २०१४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी ११ प्रोग्राम तपासले, त्यात कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे गिट आणि लेव्हलडीबी हा डेटाबेसही होता, आणि यंत्र ऐन वेळी बंद पडल्यास डेटा धोक्यात येईल अशा ६० जागा त्यांना सापडल्या. ही माणसे नियम न वाचणारी नव्हेत.

शून्यएक:
मग त्यावरचा उपाय फाइलसिस्टिममध्ये का शोधता? स्वतः फाइली हाताळू नका, एसक्यूलाइटसारखी मुरलेली लायब्ररी वापरा. नुसत्या क्रमासाठी वेगळा कॉल आणत असाल तर माझी हरकत नाही. हरकत आहे ती न मागता सगळ्यांवर लादण्याला. आणि रीनेमची सोय एक्स्ट४मध्ये आजही चालूच असते, मग नवे काय मागता?

तळटीप:
ती माउंट करताना, म्हणजे फाइलसिस्टिम वापरासाठी जोडताना, एका पर्यायाने बंद करता येते, आणि दुसऱ्या फाइलसिस्टिमवर ती असेलच असे नाही. प्रोग्राम कोणत्या डिस्कवर, कोणत्या पर्यायांनिशी चालणार आहे, हे तो लिहिणाऱ्याला कधीच ठाऊक नसते. वेगळा कॉल आला तर मी डीफॉल्टचा आग्रह सोडायला तयार आहे. तो येईपर्यंत मात्र रीनेमपुरता तरी नियम लेखी हवा, या मतावर मी कायम आहे.